राजघाटावरून निघणाऱ्या वाटा



स्मृतिव्याख्यानासाठी विषय निवडताना माझ्यासमोर बुऱ्हाणपूरचा शाही किल्ला होता, अशीरगड होता, कुंडी भंडारा होता. या शहरावर बोलणाऱ्याला विषयांची वाण कधीच पडत नाही. तरीही मी राजघाटावरून निघणाऱ्या पाऊलवाटा हा विषय निवडला, याचे काही श्रोत्यांना आश्चर्य वाटले असेल. इमारतीला शिलालेख असतो, तिच्या बांधणाऱ्याचे नाव असते, पुरातत्त्व खात्याची पाटी असते. पाऊलवाटेला यांतले काहीच नसते. ती कोणी बांधलेली नसते आणि म्हणून ती मोडली तरी कोणी मोडली हे विचारले जात नाही. जन्मभर मराठी शिकविलेल्या माणसाला मात्र वाटेकडे दुर्लक्ष करता येत नाही, कारण आपल्या भाषेने तिच्याभोवती केवढा तरी संसार मांडलेला आहे. आपण वाट पाहतो, वाट चुकतो, वाटेला लावतो आणि एखाद्याची वाट लावतो. वाटसरू आहे, वाटाड्या आहे, वाटमाऱ्या आहे. आणि या सगळ्यांत कायद्याच्या कचेरीपर्यंत पोचलेला एक शब्द आहे, तो म्हणजे ‘वहिवाट’. त्याच्याकडे मी पुढे येणारच आहे.

राजघाट आपणा सर्वांच्या परिचयाचा. शाही किल्ल्याच्या सावलीत तापीच्या उजव्या तीरावर हा घाट उतरतो. मुलताईजवळ उगम पावून ७२४ किलोमीटर वाहत सुरतेपाशी सागराला मिळणारी ही पश्चिमवाहिनी येथे शहराला जवळजवळ खेटून जाते. पलीकडच्या तीरावर जैनाबाद. पंधराव्या शतकाच्या आरंभाच्या आसपास नसीरखान फारुकीने शहर वसविले, तेव्हा त्याला शेख बुऱ्हाणुद्दीन यांचे नाव दिले गेले आणि पैलतीरावरच्या वस्तीला शेख जैनुद्दीन यांचे. दोन्ही सत्पुरुष दौलताबाद-खुलताबादचे. दोन नावांच्या मध्ये नदी आहे, आणि नदीच्या मध्ये, पाणी उतरले की, वाट आहे. गावे वसविणाऱ्यांची नोंद तवारिखांत झाली. रोज भाजीची पाटी घेऊन पैलतीराहून येणाऱ्या बाईने पाडलेल्या वाटेची नोंद कोण करणार?

राजे-सरदारांच्या रस्त्यांबद्दल मात्र पुष्कळ लिहिलेले सापडते. सातपुड्याच्या रांगेत अशीरगडापाशी जी खिंड आहे, तिच्यामुळे उत्तरेहून दक्षिणेत येणारा प्रत्येक जण या शहराच्या दारात येऊन उभा राहिला. १६०१ साली अशीरगड अकबराच्या हाती गेल्यावर बुऱ्हाणपूर हे मोगलांच्या दक्षिणेतील कारभाराचे ठाणे झाले. सुरतेहून आग्र्यास जाणारा रस्ता येथूनच जाई. १६१० साली याच रस्त्याने गेलेल्या विल्यम फिंच या इंग्रज व्यापाऱ्याने तापीच्या पात्रातल्या दगडी हत्तीचे वर्णन करून ठेवले आहे. हा हत्ती इतका हुबेहूब होता, की पाणी प्यायला आलेला खरा हत्ती त्याच्यावर धावून गेला आणि आपले दात मोडून बसला, असे त्याने ऐकले होते. गोष्ट ऐकीव असेल. पण गोष्ट सांगणारा मनुष्य नदीकाठी उभा राहून परक्याला पात्राकडे बोट दाखवीत होता, एवढे तरी तीतून निश्चित होते. १६१५ मध्ये सर टॉमस रो येथे शाहजादा परवेझला भेटला, पुढे ताव्हर्निये आला. बुऱ्हाणपूरच्या तलम कापडाची आणि जरीची कीर्ती या मंडळींनी दूर नेली.

यांत एका प्रवाशाची हकीकत मला अस्वस्थ करते. त्याचे नाव पीटर मंडी. १६३० च्या नोव्हेंबरात तो सुरतेहून निघाला आणि बुऱ्हाणपूरमार्गे आग्र्यास गेला. गुजरात आणि दख्खन त्या वेळी भीषण दुष्काळाने होरपळत होते. रस्त्यावर, गावांच्या वेशींत, माणसे मरून पडलेली त्याने पाहिली. भूक घेऊन घरे सोडलेली कुटुंबे झुंडीझुंडीने चालत होती, आणि त्याच मुलखातून वंजाऱ्यांच्या तांड्यांचे धान्याने लादलेले बैल बादशहाच्या छावणीकडे, म्हणजे आपल्या या शहराकडे, येत होते. शहाजहान दख्खनच्या मोहिमेसाठी येथे तळ देऊन होता. पुढल्याच वर्षी, १६३१ च्या जून महिन्यात, मुमताज महालचा येथे अंत झाला. तिला पैलतीरावर जैनाबादेच्या बागेत, आहूखान्यात, दफन केले गेले आणि डिसेंबरात तिचे शव मोठ्या इतमामाने आग्र्यास नेण्यात आले. सहलीला आलेल्यांना ही दुसरी गोष्ट प्रत्येक जण सांगतो. पहिली कोणी सांगत नाही. एकाच वर्षाच्या अंतराने याच परिसरातून भुकेने चाललेले लोकही गेले आणि राणीची शवयात्राही गेली. एकीच्या आठवणीसाठी ताजमहाल उभा राहिला, दुसऱ्यांच्या आठवणीसाठी मंडीच्या रोजनिशीतली काही पाने आहेत.

मराठ्यांच्या फौजाही या मार्गाने आल्या. १६८१ च्या जानेवारीअखेर संभाजीराजांच्या काळात हंबीरराव मोहित्यांनी बुऱ्हाणपूरच्या बहादुरपुऱ्यावर घातलेला छापा, १७६० च्या उदगीरनंतर शहराचे पेशव्यांकडे येणे, मग शिंद्यांचा अंमल, हा इतिहास आपण पाठ्यपुस्तकांतून आणि वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकलेला आहे. त्याची पुनरुक्ती मी करीत नाही. घोडेस्वारांच्या टापांखाली पाऊलवाटा मोडतात, घडत नाहीत. मला आज पायी चाललेल्यांविषयी बोलावयाचे आहे.

मराठी माणसाने समूहाने चालण्याचे जे शास्त्र सिद्ध केले, त्याचे नाव वारी. आणि या शास्त्राच्या आजच्या घडणीचा एक धागा शिंदेशाहीशी, म्हणजे ज्या दौलतीत बुऱ्हाणपूर कितीतरी दशके होते तिच्याशी, जोडलेला आहे. ज्ञानेश्वरमहाराजांच्या पालखी सोहळ्याला ज्यांनी आजचे रूप दिले ते हैबतबाबा आरफळकर हे साताऱ्याकडील आरफळचे. ते शिंद्यांच्या पदरी सरदार होते. परंपरा असे सांगते, की गावाकडे परतताना सातपुड्यात भिल्लांनी त्यांना लुटून कोंडून ठेवले आणि त्या कोंडवाड्यात त्यांनी हरिपाठाचा आधार घेतला. सुटका झाल्यावर ते घरी न जाता आळंदीलाच राहिले. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, १८३२ च्या सुमारास, त्यांनी पालखी सोहळ्याची शिस्त बसविली. म्हणजे वाटमारीत सापडलेल्या एका लष्करी माणसाने लाखो लोकांना निर्धास्त चालता येईल अशी वाट घालून दिली. कथेतला चमत्काराचा भाग ज्याने त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे घ्यावा. मला तीत इतिहास दिसतो तो असा, की एकट्याने चालणे ज्या मुलखात धोक्याचे, त्या मुलखाचा अनुभव घेतलेला मनुष्यच समूहाने चालण्याचे नियम करील.

हे नियम पाहण्यासारखे आहेत. दिंडीत पुढे पताका, मग टाळकरी, मृदंग, मध्ये वीणेकरी, डोक्यावर तुळस आणि पाण्याची कळशी घेतलेल्या स्त्रिया. रथापुढच्या आणि रथामागच्या दिंड्यांचे क्रमांक ठरलेले. मुक्कामाला पोचल्यावर समाजआरती होते. तेव्हा चोपदाराचा दंड वर होताच हजारो टाळ एकदम थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवीतच राहते, आणि चोपदार तेथे जाऊन गाऱ्हाणे ऐकतो. मग हरवल्या-सापडल्या वस्तूंचा पुकारा होतो, दुसऱ्या दिवशी निघण्याची वेळ सांगितली जाते. इतकी साधी, इतकी नेमकी आणि कोणालाही न दुखविणारी तक्रारीची पद्धत मी आयुष्यभर ज्या सभा-समित्यांतून बसलो त्यांपैकी एकीतही पाहिली नाही.

आपल्या भागाची वारी म्हणजे मुक्ताबाईची. शके १२१९, म्हणजे १२९७ साली, तापीतीरावर मेहूणपाशी मुक्ताबाई विजेच्या लोळात गुप्त झाली असे संप्रदाय मानतो. पंढरीला जाणाऱ्या मानाच्या सात पालख्यांत तिची पालखी आहे. अंतर लांबचे म्हणून ती आळंदी-देहूच्या पालख्यांच्या आधीच मार्गाला लागते आणि विदर्भाची कड, मराठवाडा ओलांडीत भीमातीरी पोचते. बुऱ्हाणपूर आणि मुक्ताईनगर यांच्यामध्ये आज राज्याची सीमा आहे; शहापूर-इच्छापूरवरून तिकडे जाणाऱ्या वारकऱ्याला मात्र वाट तीच राहिली. आणखी एक योग मला नेहमी जाणवतो. आषाढ शुद्ध सप्तमी ही तापीची जयंती. राजघाटावर त्या दिवशी आरती होते, दीप सोडले जातात. तेथून चौथ्या दिवशी आषाढी एकादशी. म्हणजे ज्या घरातील आजी घाटावर दिवा सोडते, त्याच घरातले आजोबा त्या वेळी पंढरपुराच्या जवळ कुठेतरी चिखल तुडवीत असतात. नदी पश्चिमेला जाते, पाय दक्षिणेला.

आपल्या उत्तरेला नर्मदेची परिक्रमा आहे. तिचे नियम वारीहून वेगळे. नदी सदैव उजव्या हाताला ठेवावयाची, कोठेही ती ओलांडावयाची नाही, संग्रह करावयाचा नाही, आणि शास्त्रोक्त परिक्रमा तीन वर्षे, तीन महिने, तेरा दिवसांची. गो. नी. दांडेकरांच्या ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ या कादंबरीमुळे ही वाट मराठी वाचकांच्या घरात आली. तीरावरील गावांनी परिक्रमावासीयाला सदावर्त द्यावयाचे, म्हणजे शिधा द्यावयाचा, ही रीत; वाट राखण्याचे काम जणू सगळ्या तीराने वाटून घेतलेले. परंतु २००४ साली इंदिरा सागर धरणासाठी आपल्या शेजारचे हरसूद उठले, आणि नर्मदेच्या काठाकाठाने जाणाऱ्या जुन्या वाटेचे मोठमोठे तुकडे जलाशयांखाली गेले. परिक्रमा थांबली नाही. चालणाऱ्यांनी पाण्याच्या वरून, दूरच्या गावांतून, डांबरी रस्त्यांवरून नवी वाट धरली. विस्थापितांच्या घरांची, शेतांची मोजदाद झाली, अपुरी का होईना, झाली. बुडालेल्या पाऊलवाटेची भरपाई कोणत्याच रकान्यात बसत नव्हती.

येथे मला वाट राखणे या विषयाकडे वळावयाचे आहे. चालणारे पुष्कळ, राखणारे थोडे. आमच्या मराठी परंपरेत राखणाऱ्यांचा मुकुटमणी म्हणजे गाडगेबाबा. १८७६ साली शेंडगावी जन्मलेला हा मनुष्य हातात खराटा घेऊन गावोगाव पायी हिंडला. गावात शिरले की प्रथम रस्ता झाडावयाचा, दिवस त्यात घालवावयाचा आणि रात्री त्याच गावकऱ्यांपुढे कीर्तन करावयाचे. पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे त्यांनी धर्मशाळा उभ्या केल्या. पण त्यांतल्या एकीतही स्वतःसाठी खोली ठेवली नाही. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ प्रवासातच त्यांचे देहावसान झाले. विद्वानांनी त्यांच्या कीर्तनांवर लिहिले. झाडण्यावर लिहिणारे कमी. वास्तविक त्यांचे झाडणे हेच कीर्तनाचे पूर्वरंग होते. तुकडोजी महाराजांनी गावोगाव पहाटेची रामधून सुरू केली, तिच्यातही गावाचे रस्ते झाडून सडा घालणे आणि मग रांगेने चालणे असा क्रम आहे. आधी वाट, मग भजन.

ज्यांच्या स्मरणार्थ आज आपण जमलो आहोत त्या आमच्या मुख्याध्यापकांचाही हाच क्रम होता. माघ महिन्यात, पात्रातले पाणी गुडघ्याखाली आले की, ते आठवी-नववीच्या मुलांना राजघाटावरून पैलतीरी आहूखान्यापर्यंत पायी नेत. चाळीस मुलांमागे आठ विळे आणि चार टोपल्या असत. बाभळीच्या फांद्या वाटेवर आल्या असतील त्या छाटावयाच्या, घळीत दगड भरावयाचे, आणि मगच डबे उघडावयाचे. शेतकऱ्याच्या बांधाला धक्का लागता कामा नये, या विषयी ते फार कडक असत. वर्गात त्यांनी शिकविलेल्या सनावळ्या मी विसरलो असेन. कुठल्या मळ्यापाशी वाट डावीकडे वळते हे विसरलो नाही.

आता त्या ‘वहिवाट’ शब्दाकडे. १८८२ चा भारतीय सुविधाधिकार कायदा सुरुवातीला मद्रास, कूर्ग आणि मध्य प्रांत एवढ्यांनाच लागू होता. मुंबई इलाख्यात तो १८९१ साली गेला. १८६० च्या सुमारास शिंद्यांकडून इंग्रजांकडे आलेले बुऱ्हाणपूर निमाड जिल्ह्याबरोबर मध्य प्रांतात होते, आणि पलीकडचे रावेर मुंबई इलाख्याच्या खानदेशात. म्हणजे वीस वर्षे अखंड, उघडपणे आणि हक्काने वापरलेल्या वाटेला कायद्याचे छत्र आधी आपल्याकडे आले, रावेरकडे नंतर. पण हा कायदा मुख्यतः एकाच्या शेतातून दुसऱ्याच्या शेतात जाण्याच्या खाजगी हक्काचा. साऱ्या गावाच्या वाटेचे काय? तिच्यासाठी मध्य प्रांताच्या महसुली व्यवस्थेत दोन कागद होते आणि आजही आहेत. एक ‘वाजिब-उल-अर्ज’, ज्यात गावाच्या रूढी लिहिल्या जातात. पाण्याचा हक्क, मासेमारी, आणि जाण्यायेण्याची वाट. दुसरे ‘निस्तार पत्रक’, ज्यात गावाच्या सामायिक गरजांच्या जमिनीची व्यवस्था असते. १९५९ च्या मध्य प्रदेश भू-राजस्व संहितेत या दोन्हींना स्थान आहे, आणि शेताकडे वा गायरानाकडे जाणाऱ्या वाटेबद्दल तंटा झाला तर तहसीलदाराने जागेवर चौकशी करून पूर्वीची रूढी काय होती हे पाहून निर्णय द्यावा, असे तिचे १३१ वे कलम सांगते. महाराष्ट्रात १९६६ च्या जमीन महसूल संहितेचे १४३ वे कलम आणि १९०६ चा मामलेदार न्यायालयांचा कायदा हेच काम करतात. पूर्वीची रूढी! कायद्याने येथे इतिहासकाराचे काम तहसीलदारावर सोपविले आहे. रूढी सिद्ध करावयाची कशाने? तर वापराने. ज्या वाटेने कोणी चालत नाही, तिची रूढी सांगणारा साक्षीदारही उरत नाही.

विलायतेत हा प्रश्न फार तीव्रपणे लढला गेला. सामायिक माळराने आणि पाऊलवाटा राखण्यासाठी तेथे १८६५ सालीच एक संस्था निघाली. मँचेस्टरच्या परिसरातले गिरणीकामगार रविवारी डोंगराकडे चालावयास जात. पण डोंगर जमीनदारांच्या शिकारीसाठी राखीव होते. २४ एप्रिल १९३२ रोजी काहीशे तरुण किंडर स्काउट नावाच्या पठारावर बंदी मोडून चढले. त्यांतल्या पाच जणांना तुरुंगवास झाला. १९४९ साली कायदा झाला आणि प्रत्येक परगण्याने आपल्या हद्दीतील सार्वजनिक पाऊलवाटांचा अधिकृत नकाशा करावा असे ठरले. त्या नकाशावर आलेली वाट जमीनमालकाला आपल्या मर्जीने बंद करता येत नाही. मँचेस्टर आणि बुऱ्हाणपूर, दोन्ही विणकरांची शहरे. दिवसभर मागावर बसणाऱ्या माणसाला आठवड्यातून एकदा मोकळे चालण्याची गरज तेथे होती तशी येथेही आहे. फरक असा, की त्यांना नकाशासाठी तुरुंगात जावे लागले. आपल्याकडे कागद आधीच आहे, तो काढून वाचणारा नाही.

कोणी म्हणतील, आज प्रत्येक दारात मोटारसायकल आहे, या वाटा कोणासाठी राखावयाच्या? प्रश्न वाजवी आहे. मुंबई-कलकत्ता लोहमार्ग १८७० साली याच खिंडीतून पुरा झाला तेव्हाही असेच विचारले गेले असेल. पण रेल्वेने दूरचे चालणे कमी केले, जवळचे नाही. बैल, गुराखी, शाळेत जाणारी मुले, मोळी आणणारी बाई, प्रेत खांद्यावर घेऊन घाटाकडे निघालेले लोक यांना वाट लागतेच. आणि २०२१ साली महाराष्ट्र शासनाने शेत-पाणंद रस्त्यांसाठी स्वतंत्र योजना आखली, ती काही हौसेने आखली नाही. बांध कोरून कोरून पाणंदी इतक्या अरुंद झाल्या होत्या, की पिकलेला माल शेतातून बाहेर काढणे अवघड झाले. आपल्या बाजूला केळीचे घड वाहणाऱ्यांना हे मी सांगावयास नको.

म्हणून माजी विद्यार्थी मंडळापुढे एक छोटी सूचना ठेवतो. माघातली ती पदयात्रा पुन्हा सुरू व्हावी, आणि तिच्या आधी दोन महिने नववीच्या मुलांनी जैनाबाद आणि आसपासच्या गावांच्या वाजिब-उल-अर्जाच्या, निस्तार पत्रकाच्या आणि गावनकाशाच्या नकला तहसील कचेरीतून रीतसर अर्ज करून मिळवाव्यात. आपल्या माजी विद्यार्थ्यांत निवृत्त पटवारी आहेत, वकील आहेत; त्यांनी मुलांना नकाशा वाचावयास शिकवावे. महाराष्ट्रातील गावनकाशांवर पायवाट एका तुटक रेघेने आणि गाडीवाट दोन तुटक रेघांनी दाखवितात. सीमेपलीकडील मुक्ताईनगरच्या शाळांशी पत्रव्यवहार करून त्यांचेही नकाशे मागवावेत, म्हणजे दोन राज्यांच्या कागदांवर एकच वाट कशी पुढे जाते हे मुलांना पाहता येईल. घाटापासूनची वाट पायाने मोजावी, वयस्क गुराख्यांना आणि केवटांना बरोबर घेऊन त्यांच्या तोंडून वळणांची नावे लिहून घ्यावीत. जेथे कागदावर रेघ आहे आणि जमिनीवर कुंपण, तेथे भांडण न करता शेतमालकाला आधी नकाशा दाखवावा; बहुतेक वेळा दोन हात रुंदीची वाट सोडण्यास तो नाही म्हणत नाही. विळे आणि टोपल्या शाळेच्या भांडारात असतील तर ठीकच. नसतील तर पहिले आठ विळे माझ्याकडून घ्यावेत.